दाराचा रंग

पेंत्रवेनमधल्या आमच्या गल्लीची सगळी दारं हिरवी होती.
कौन्सिलचं हिरवं. ना पानाचं, ना शेवाळाचं.
दर सात वर्षांनी एक माणूस शिडी घेऊन यायचा
आणि एकशे चौदा दारांवर एकच ब्रश फिरवून जायचा.

मग पत्र आलं:
तुम्ही सव्वीस वर्षं भाडं भरलंत,
आता हेच घर निम्म्या किमतीत तुमचं.
बाबा म्हणाले, जे सगळ्यांचं आहे
ते एकट्याने विकत कसं घ्यायचं?
आई बोलली नाही.
पत्र बिस्किटांच्या डब्याखाली सरकवलं,
फेकलं नाही.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची.
भिंतीत खिळा मारायचा तर कौन्सिलला अर्ज,
आणि उत्तर यायला सहा आठवडे.
हे बाबांना कधी टोचलं नाही,
ते तर दिवसभर जमिनीच्या पोटात असायचे,
तिथे कुठे भिंती आपल्या.

कागदावर सह्या झाल्या त्या संध्याकाळी
आईने अकरा खिळे ठोकले.
टांगायला काही नव्हतं.
ठोकले.
शनिवारी दाराला पिवळा रंग, मोहरीचा,
पलीकडच्या मिसेस प्रॉसरने पडदा ओढून घेतला.

बाबा पाळी संपवून आले, दाराकडे पाहिलं,
आणि वळसा घालून मागच्या दाराने घरात शिरले.
त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी,
तीन वर्षं.

त्र्याऐंशीच्या निवडणुकीत आईने मत कुणाला दिलं
तिने सांगितलं नाही,
बाबांनी विचारलं नाही.
संसार टिकतो तो असाच.

मग संप.
गल्लीतल्यांचं भाडं कौन्सिलने थांबवून धरलं,
आमचा हप्ता कोण थांबवणार?
दर महिन्याला पांढरा लिफाफा यायचा, खिडकीवाला,
आणि बाबा चॅपलच्या तळघरात दुसऱ्यांना सूप वाढत उभे.
ग्वाइन म्हणाला, म्हणूनच विकली त्यांनी घरं,
कर्जाच्या माणसाला संप झेपत नाही.
आई म्हणाली, माझ्या घरात हे बोलायचं नाही.
'माझ्या' हा शब्द तेव्हा
ताटातल्या खड्यासारखा सगळ्यांच्या दाताखाली आला.

फेब्रुवारीत खाणकामगाराच्या घरात कोळसा नव्हता.
आधी कोंबड्यांचं खुराडं जाळलं. मग कुंपण.
मग एका रात्री बाबांनी मागचं दार बिजागऱ्यांतून काढलं,
करवतीने कापलं, शेगडीत घातलं,
भोकावर फळ्या मारल्या.
हिरवा रंग जळताना काय घाण वास येतो.
सकाळी बाहेर पडायला
एकच दार उरलं होतं.

मार्चमध्ये सगळे कामावर परतले, बँड वाजवत,
हरल्याची वरात.
दोन वर्षांत खाण बंद, चाक भंगारात.
तिथे आता टेलिफोनवाली कंपनी आहे,
आवाज गोड ठेवायचे पैसे मिळतात.
ग्वाइनने गॅसचे शेअर घेतले, विकले, सुट्टीला स्पेनला गेला,
तिथून बाबांना पोस्टकार्ड पाठवलं.
बाबांनी ते एका खिळ्याला अडकवलं.
अकरातला पहिला खिळा कामी आला.

दोघंही गेले. घर आम्ही विकलं,
मी आणि ग्वाइनने, अर्धं अर्धं.
नाही म्हणायला तोंड कुठे होतं.
घेणारा ब्रिस्टलचा, गल्लीत त्याची नऊ घरं.
दारं त्याने राखाडी केली. नवाच्या नऊ.

माझा मुलगा इफान आता तिथेच राहतो, भाड्याने.
महिन्याचं भाडं ऐकून बाबांनी पुन्हा संप केला असता.
जुने खिळे उपटून भिंती लिंपल्यात.
आजोबांचं घड्याळ लावायचं म्हणून
त्याने मालकाला निरोप पाठवला: एक खिळा ठोकू का?

उत्तर आलेलं नाही.
घड्याळ जमिनीवर, भिंतीला टेकून.
वेळ बघायला
त्याला दर वेळी वाकावं लागतं.