तेरा किलोची पेटी

अर्धापूरच्या पॅकहाऊसात, तुरटीच्या टाकीपाशी,
कौसाबाईनं घडाची चौथी फणी सोडवली
आणि विळा हातातून सुटला.
टाकीत नाही, माझ्या नोंदवहीवर पडला.
डाग अजून आहे.

"कोळी! मुतंल आंगावर, फोड उठतील.
मारा की, बघायलाव काय!"

तो हलला नाही.
तळहाताएवढा, वाळल्या केळपानाचा रंग,
पाय खेकड्यासारखे आडवे टाकलेले,
डोळ्यांखाली पिवळट पट्टी, मिशीच जणू,
आणि पोटाशी धरलेलं काहीतरी पांढरं, चपटं,
जुन्या रुपयाएवढं.

तहेसीन सुट्टीत फण्या धुते,
एरवी नांदेडला प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष.
ओले हात ओढणीला पुसत म्हणाली,
"तो नाही, ती. अंडी आहेत ती.
महिनाभर अशीच घेऊन बसते, जवळजवळ उपाशी.
जाळं विणत नाही ही. धावून धरते."

"जाळं न्हाई त्यो कसला कोळी?
मग ऱ्हाती कुठं?"
"थांबली तिथं."
कौसाबाईचं तीन वर्षांतलं हे चौथं पॅकहाऊस.
पुढं काही बोलली नाही.

तहेसीन बोलत राहिली,
हात पुन्हा पाण्यात घालून, फणीमागून फणी.
लाओसमध्ये म्हणे, गुहेच्या काळोखात
हिचा एक भाऊबंद आहे, पाय पसरले तर ताट भरेल.
मोरोक्कोच्या वाळूत एक जण
जिवावर बेतलं की कोलांट्या मारत सुटतो,
नामिबियातला तर पाय आखडून घेतो
आणि चाक होऊन टेकडी उतरतो
("ब्रेक?" ड्रायव्हर गफूरनं विचारलं. "नाही.")
ऑस्ट्रेलियात झाडाच्या सालीखाली
एक आई, थोरली पोरं, धाकटी पोरं, सगळी एकाच खोलीत.
मादागास्करात पानाला पान शिवतात,
उन्हानं कावलेला बेडूक सावलीला येतो.
येतो तो येतोच.

मी वहीच्या कडेला लिहिलं: लाओस.
का लिहिलं, माहीत नाही.
मी एकदाच लांब गेलोय, हैदराबादला, डोळा दाखवायला.

"आणि ही कुठली?"
"आशियातली असावी. आता सगळीकडची.
जहाजांतून गेली, केळ्यांच्याच घडात बसून.
तिकीट कुणी विचारलं नाही."

तेवढ्यात टेकाळेसाहेब फवाऱ्याचा पंप घेऊन आले.
चारला कंटेनर निघायचा होता, मुंद्र्यावरून इराणला.
"एक किडा सापडला तिकडं
तर आख्खा माल परत येईल. कुठंय?"

आम्ही सगळ्यांनी फणीकडं पाहिलं.
फणीवर फक्त फणी होती.

"भितीवरून गेली," कौसाबाई म्हणाली,
"त्या झरोक्यातून. म्या बघितली."

झरोक्याला दिवाळीपासून पत्रा ठोकलेला आहे.
पत्रा मीच धरला होता, खिळे तिच्या पोरानं मारले होते.
साहेबांनी पत्र्यावर दोनदा फवारलं आणि गेले.

पेटी क्रमांक दोनशे बारा.
कौसाबाईनं फण्या रचल्या, नेहमीपेक्षा जरा सैल.
झाकण मी लावलं. आत पाहिलं नाही.
काट्यावर ठेवली: तेरा किलो.
आमचा काटा पन्नास ग्रॅमच्या खालचं
काही दाखवत नाही.