रकाना सातवा

शनिवारी सिस्टर शोशाम्मा पेन ड्राइव्हवर आणते
तिच्याकडचे सिनेमे. खाली अक्षरं उमटत नाहीत,
मधूनमधून तीच सांगते, हिंदीत,
जी आमच्या ग्वाल्हेरच्या हिंदीहून शुद्ध आहे.

गेल्या शनिवारी एक पुरुष वेडा झाला.
त्याला व्हायला दीड तास मिळाला.
आधी सहकारी बँकेतली नोकरी गेली,
मग भावानं रबराचा मळा लाटला,
मग तो नदीशी बोलू लागला, आणि नदी अशी देखणी
की आम्हालाही वाटलं, बोलावं.
पुरुष वॉर्डाचा कंपाउंडर चष्मा काढून डोळे पुसत होता.

ह्या शनिवारी बाई.
ती चहा गाळत होती. वारा आला,
दिवा विझला, अंबाडा सुटला.
झाली.

"पण का?" मी विचारलं.
शोशाम्मा म्हणाली, "रात हो गई ना."

मी रेकॉर्डला आहे, बावीस वर्षं.
भरतीच्या रजिस्टरात सातवा रकाना: कारण.
पुरुषांचं लिहिताना ओळ पुरत नाही, समासात चढावं लागतं,
धंद्यात खोट, जमिनीचा दावा, भागीदारानं फसवलं.
बायकांपुढे माझ्याच अक्षरात: घरगुती.
त्याखाली "वरीलप्रमाणे"ची दोन टिंबं,
पान संपेपर्यंत.

पुढच्या रांगेत दानाओलीची मंदाकिनी सुर्वे.
अकरा वर्षं इथे. नवऱ्याचं दुसरं लग्नही आता जुनं झालंय.
पडद्यावर ती पाठमोरी, केस गुडघ्यापर्यंत,
आणि चार पुरुष ओसरीवर बसून ठरवतायत तिचं काय करायचं.
मंदाकिनीनं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला,
मशीन मारलेलं डोकं,
दर एक तारखेला, उवांसाठी, सगळ्यांचंच.
"खोटी आहे ही," ती म्हणाली.
"हिला अजून भरती केलेली नाही."

रात्री जनकगंजात, आरशासमोर, मी वेणी सोडली.
सहजच. बघावं म्हणून.
हे दारातून: "काय गं, काय झालं?"
काही नाही म्हणत पुन्हा घातली.
रबर सापडेना, तर पर्समधली
फायलीची लाल फीत बांधली.

सोमवारी मुरैन्याहून एक आली.
नवरा, दीर, सासरे; नवऱ्यानं सांगूनही टाकलं होतं.
मी पेन उचलून धरलं,
आणि तिलाच विचारलं, का.

तिनं मागे वळून पाहिलं,
मी कोणाशी बोलतेय ते.