चार आडव्या रेघा

बॅटरी मी नाटकाला दिली होती.
मंडईची रात्र, दुसरा अंक,
लाइन गेली आणि खलनायक
अंधारात हसतच राहिला,
कुठं थांबावं त्याला कळेना.
रेवाराम धावत आला :
"गाडीची बॅटरी दे ना जी, माइकपुरती."
दहाचा पाना. आधी काळी तार, मग लाल.
पहाटे चारला नायिका मेली,
मग उठून तिनं चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी बॅटरी जागेवर बसली.
गाडी एका झटक्यात चालू.
घड्याळ म्हणालं, बारा.
रेडिओनं मात्र मला ओळखलं नाही.
काचेवर नुसतं "कोड", आणि खाली
चार आडव्या रेघा,
धान कापून नेलेल्या चार बांध्या.

गाडी डॉक्टर लांजेवारांची. ढोरांचे डॉक्टर.
त्यांच्या माघारी मी घेतली, तीन वर्षं झाली,
तरी सीटखाली अधूनमधून सुईचं टोपण सापडते
आणि ऊन तापलं की डिकीतून
गोठा वास देतो.

गाडीचाच नंबर टाकून पाहिला. नाही.
डॉक्टरांचं जन्मसाल. नाही.
मग गेलो यमुनाबाईंकडे.
त्या ओसरीत लाखोरीची डाळ निवडत होत्या.
सूप बाजूला ठेवलं, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,
"लग्नाचं साल टाकून पाहा."
टाकलं.
रेडिओ म्हणाला, थांब.
अर्धा तास तो काहीच ऐकणार नव्हता.

चोरानं नेला तर त्याच्या घरी मुका राहावा,
म्हणून ही सारी तजवीज.
चोर कुठला?
डॉक्टर काचा उघड्या टाकून गोठ्यात शिरत,
अडलेल्या गाईचं वासरू ओढत अर्धी रात्र,
आणि बाहेर गाडीत रेडिओ एकटाच
कोणाला तरी बातम्या सांगत बसे.

नागभीडहून कैसर आला.
त्यानं सायकलचे दोन आरे वाकवले,
रेडिओच्या कानांत घातले, आणि ओढला.
मागून निघाली धूळ, एक वाळलेली गांधीलमाशी,
आठ आण्याचं नाणं,
आणि पत्र्यावर चिकटवलेला कागद.
कागदावर कंपनीचा लांबलचक नंबर,
त्याच्या कडेला निळ्या पेननं
चार, शून्य, सात, दोन.

यमुनाबाई चष्मा लावून
किती वेळ पाहत होत्या.
पोरांच्या तारखा लावून पाहिल्या,
सासूच्या मरणाची, बदलीची, बोअरच्या पाण्याची.
"हा तर कोणाचाच नाही जी."
"कंपनीनं दिलेला असते बाई," कैसर म्हणाला,
"त्यात आपलं काही नसते."
त्यांनी मान हलवली. मग साताच्या पोटावर
मारलेल्या आडव्या रेघेवरून
बोट फिरवलं, एकदा,
आणि परत एकदा.
"सात ते असाच काढत.
एक वाटू नये म्हणून.
औषधाच्या चिठ्ठीवर बी."

बटणं दाबत गेलो. रेघा एकेक करून उठल्या.
रेडिओनं खाकरल्यासारखं केलं
आणि खरखर सुरू झाली, सगळीकडे सारखीच.
बॅटरी सुटली की स्टेशनं पुसली जातात.

"एक नंबरवर त्यांनी काय लावून ठेवलं होतं?"
त्यांनी विचारलं.
मी काही बोललो नाही.
डॉक्टरांची स्टेशनं मीच बदलली होती,
गाडी घेतली त्याच आठवड्यात,
गाण्यांसाठी.

बटण फिरवत राहिलो.
खरखरीतून एक बाई निघाली,
गाईच्या लाळ्या-खुरकताची लस
कधी टोचावी ते सांगू लागली,
सावकाश, दोनदोनदा.

"राहू दे," यमुनाबाई म्हणाल्या,
आणि पुढच्या सीटवर
दार उघडं ठेवून बसल्या.
कैसर पैसे मोजत होता.
घड्याळ मी अजून लावलं नव्हतं.