मोडीत

प्रकल्प एकतीस तारखेला संपतो. आम्ही मोजतोय.
रुम्फीचं ऑफिस: टेबलं सहा, पंखे दोन,
मोटरसायकल एक, तिला आरसा नाही.
प्रत्येक वस्तूवर चिकटवलेला नंबर,
नंबरासमोर देणगीदाराचं नाव,
त्यापुढे रिकामा रकाना: आता हे कुणाचं.

खुर्च्या चौदा. सापडल्या तेरा.

तोवेरा म्सिस्का हिशेबाला पक्की.
सत्तर क्वाचांच्या पावतीसाठी तिने एकदा
मला म्झुझूच्या रस्त्यावरून माघारी बोलावलं होतं.
ती पुन्हा मोजते. मग खिडकीतून बघते.

फाटकाशी म्झोंडी. अकरा वर्षं, रात्रपाळी आणि दिवसपाळीही.
चौदावी त्याच्या खाली,
एका पायाला दोरी, नंबर घासून गेलेला.
त्याची नोकरीसुद्धा एकतीसलाच संपते,
पण ते पत्र वेगळ्या फायलीत आहे.

'उठू का?' त्याने विचारलं.
'बसा,' ती म्हणाली,
आणि उभ्यानंच लिहिलं:
तुटकी. दुरुस्तीपलीकडे. मोडीत काढली.

तीन सह्या लागतात. दोन झाल्या.
तिसरी माझी.
ऑफिसचं पेन उमटेना,
म्झोंडीनं खिशातलं दिलं.

ते मी परत द्यायला विसरलो.
अजून माझ्याकडे आहे.
त्याच्यावर नंबर नाही.