ऐंशी रॉड

तळ्यावर अजून दोन फूट बर्फ आहे
आणि इर्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर
जून महिना पसरलाय.
नकाशा चारी कोपऱ्यांनी उठून बसतो,
म्हणून त्यावर मिठाची बरणी, हातोडी,
तिचा जुना चष्मा आणि माझं कोपर.
दोरा ओला करून आम्ही निळ्यावरून फिरवतो,
बेटांना वळसे घालत, एकही खाडी न चुकवता,
मग ताणून पट्टीला लावतो.
पहिल्याच दिवशी नऊ मैल.
"नऊ?" इर्या म्हणते. "खांद्यांना विचारलंस का?"

इकडे पाण्यावरचं अंतर मैलांत मोजतात
आणि जमिनीवरचं रॉडमध्ये.
एक रॉड म्हणजे साधारण एका कनूची लांबी.
पाणी संपलं की व्यवहार उलटतो:
इथवर नावेने आपल्याला वाहिलं,
आता आपण तिला वाहायचं,
पालथी, डोक्यावर,
आत डासांची अख्खी भजनी मंडळी घेऊन.

बावीस उन्हाळे ते काम अर्व्हिडचं.
नाव डोक्यावर चढली की
त्याच्या फक्त पोटऱ्या दिसायच्या
आणि शिव्या ऐकू यायच्या, स्वीडिशमधून,
बाकी वर्षभर तो ती भाषा बोलत नसे.
आता तो टूसॉनला, मुलीकडे, नव्या खुब्यासकट.
तिथल्या नदीला पूल आहे म्हणतो, पाणी नाही.

परमिटच्या अर्जात रकाना: माणसं किती.
माझ्या हाताने तीन लिहिलं.
इर्याने बघितलं
आणि खोडरबर माझ्याकडे सरकवलं,
जेवताना मीठ सरकवावं तसं.

ओट्स. सुकवलेली सफरचंदं.
डेल्बर्टने दिलेला जंगली तांदूळ,
त्याच्या काकांच्या तळ्यातला,
होडीत बसून काठ्यांनी झोडलेला,
पिशवी उघडली की धुराचा वास.
"माशाबरोबर खा," त्याने बजावलंय,
"आणि त्यात केचप घातलंत तर मला सांगू नका."
पत्र्याचे डबे न्यायचे नाहीत, काचही नाही.
अस्वलासाठी पन्नास फूट दोर.
म्हणजे अस्वलापासून.
कॉफीवर वाद. तो उद्यावर.

रविवारी फोन येतो.
कुठवर आलात, असं विचारतो,
जणू आम्ही निघालोच आहोत.
"तिसऱ्या पोर्टेजला डावा काठ धरा.
पाण्यावर वाकलेलं सीडर दिसेल,
ज्याच्या बुंध्यात माझी कुऱ्हाड अडकली होती.
त्याच्या मागून वाट."

इर्या नकाशावर बोट ठेवते.
तो सगळा काठ गेल्या ऑगस्टमध्ये जळाला,
अर्व्हिड गेल्यावर तीन आठवड्यांनी.
राख आमच्या गाडीच्या काचेपर्यंत आली होती.
वनखात्याचं पत्र बरणीखालीच आहे:
वाटा मोकळ्या असतील याची हमी नाही.

"दिसेल ना?" तो विचारतो.
"न दिसायला काय झालं," मी म्हणते,
"एवढं मोठं झाड."

पलीकडे टीव्ही चालू आहे, कुणीतरी हसतंय.
"ऐंशी रॉड आहेत," तो म्हणतो. "घाई करू नका.
मध्यावर दोन झाडांत आडवं खोड बांधलंय मी,
नावेचं टोक टेकवायला."
मी हो म्हणते. त्यालाही हो म्हणते.

फोन ठेवल्यावर इर्या पेन्सिलीला टोक करते,
बराच वेळ, गरजेपेक्षा जास्त.
बाहेर तळं एकदा दणकून तडकतं.
हार्डवेअरच्या दुकानात पैज लागलीय,
बर्फ कधी फुटणार. इर्याचे पाच डॉलर चार मेवर.

मी हिशोब मांडते:
चाळीस रॉड ती, चाळीस मी.
मध्ये टेकायला काही उरलं नसेल
तर खांदा बदलायचा उभ्या उभ्याच,
नाव खाली न ठेवता.
ते कसं करतात
हे आम्हा दोघींना कधी शिकावंच लागलं नाही.

पुढच्या रविवारी विचारायला हवं.