खिळा

सूरच्या खाडीत, ओहोटीला,
सालमीन म्हाताऱ्यानं मोडीत काढलेल्या गलबताची
नाळेजवळची एक फासळी दिली मला. फुकट.
साग. साठ वर्षं मीठ प्यालेला.

आठवडाभर मी यार्डात पाइप जोडतो,
शुक्रवार तेवढा माझा.
पत्र्याच्या शेडमागे, दुपारच्या बांगेपर्यंत
पटाशी नि ग्राइंडर, आळीपाळीनं.

पक्षी करायचा होता.
तीन शुक्रवार पंख शोधले.
लाकूड वाकवलेलं दर्यासाठी,
उडायला राजी होईना.
मग त्या बाकातच दिसली पाठ,
भात्यासमोर उकिडव्या बसलेल्या बापाची.

मधोमध एक खिळा, वीतभर,
गंजून काळा. भोवतीचा सागही काळा.
पकडीनं उपटायला गेलो
तर सालमीन होडीतून ओरडला,
"राहू दे! ती आता दोन नाहीत."

हात मी सळईचे केले, वेल्डिंग मारून.
उजवा जरा लांब झाला, तसाच ठेवला.
डोकं केलंच नाही.
बाप कायम मान खाली घालून,
तोंड मला नीट आठवत नाही.

कार्गोवाला जयेंद्रन विचारतो, आत काय?
लाकूड, म्हणालो.
"मशीनमध्ये लोखंड दिसतंय.
रकान्यात एकच काहीतरी सांग."
माझ्यामागे रांग. त्याचं पेन उमटत नव्हतं.
शेवटी त्यानं नुसतं वजन लिहिलं,
एकवीस किलो.
चिपळूणला पोचायला चाळीस दिवस.