सुताराची पेन्सिल

पहिल्या वर्षी मला पाच शब्द मिळाले:
"महाराज, दूत दाराशी आला आहे."
एवढंच. मग मुजरा करून उजव्या विंगेत.
सगुण च्यारीने त्यावर अख्खा मार्गशीर्ष घालवला.

सावईवेऱ्याच्या देवळामागची अग्रशाळा,
चाळीसचा बल्ब,
दिवसभर दारं-चौकटी करून आलेला हा माणूस:
केसांत भुसा, कानावर चपटी लाल पेन्सिल,
मांडीवर नाटकाची वही.
"दूत खंय आसा?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, दाराशी.
"दार खंय आसा?"
मी पडद्याकडे बोट दाखवलं.

तो हसला नाही. उठला,
मोकळ्या हवेत वितीने चौकट मोजली,
उंबरा ठेवला, बिजागरी कुठे ते सांगितलं,
आणि म्हणाला, आता ह्यातून ये.
वाकून. उंच आहेस, कपाळ आपटेल.

सतरा दिवस मी वाकून आलो.
अठराव्या दिवशी दार दिसलं:
फणसाचं, पिवळंधमक,
अजून रंधा न मारलेलं.

मराठी बोलताना त्याच्या स्वतःच्या घशात
काहीतरी अडायचं. बाजारात कोकणी,
घरात कोकणी, म्हशीशी कोकणी.
मराठी त्याच्याकडे वहीतून कुजबुजत यायची
आणि तशीच दुसऱ्याच्या तोंडी जायची.
तीस वर्षांत गावात राजे झाले, राण्या झाल्या,
कुणी बक्षिसं आणली, एकजण मुंबईला गेला.
टाळ्या पडायच्या तेव्हा हा
विंगेतल्या खुर्चीचा सैल पाय तपासत असे.

शिकवणं म्हणावं असं त्याने काय केलं,
मला नीट सांगता येत नाही.
"पोटांतल्यान," म्हणायचा.
"घाय ना रे, पुता."
एकदा चिडून माझं मनगट धरलं,
बोटं एकेक करून उघडली:
मूठ कशाला? दूत तुझं काय खातो?

सातव्या वर्षी महाराज मी होतो.
तिसरा अंक, पहाटेचे साडेतीन,
खाजेवाल्यांनी दुकानं झाकलेली,
पुढच्या रांगेत पोरं आडवी.
समोर माझ्या मुलाचं प्रेत
(हळूच श्वास घेत होतं)
आणि माझं डोकं पुसलेल्या पाटीसारखं कोरं.

मी विंगेकडे पाहिलं.
तो माझ्याकडेच बघत होता.
वही उघडी, बोट ओळीवर, ओठ मिटलेले.
शब्द देईना.

मनात मी त्याला ज्या शिव्या घातल्या
त्या इथे लिहीत नाही.
पोफळींत घुबड बोललं.
झोपलेल्यांतलं एक पोर उठून बसलं.
मी प्रेताजवळ खाली टेकलो,
त्याच्या अंगरख्याची सुटलेली गाठ
बांधली, सोडली, पुन्हा बांधली,
आणि ओळ आली.
पोटांतल्यान.

त्यानंतर सहा महिने मी त्याच्याशी बोललो नाही.

तो गेल्यावर त्याच्या सुनेने, अनसूयेने,
हत्यारांच्या पेटीतून वही काढून दिली.
तिसरा अंक. त्या ओळीपाशी
लाल पेन्सिलीची बारीक खूण,
फळी कापण्याआधी करतात तशी.
बाजूला वाकडं अक्षर:
हांगा थांबतलो. थांबूं दी.
खाली तारीख,
तालमीच्या पहिल्या आठवड्यातली.

यंदा खुर्ची माझी आहे. पाय अजून सैल.
गावड्यांचा तन्वेश, सोळा वर्षांचा, दूताची वर्दी द्यायला
वाकून आत आला, आणि थांबला.
माझ्या वहीतही तिथे खूण होती, मीच केलेली.
मी मोजू लागलो: एक, दोन,
आणि तिनाच्या आधीच शब्द दिला,
पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढ्याने.

त्याने तो घेतला, म्हटला, मुजरा केला.
विंगेत आला तेव्हा माझ्याकडे असं बघितलं
जसं त्याच्या हातातलं काहीतरी
मी काढून घेतलं होतं.